मार्गशीर्षातला भूमध्य समुद्र

"डिसेंबरात समुद्रावर कशाला जाताय मरायला? मे महिन्यात जा की!" थोरल्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या. खरं उत्तर असं होतं की मे-जूनमध्ये त्याच बोटीच्या त्याच खोलीला जेवढे पैसे पडतात, त्याच्या निम्म्यात डिसेंबरात दोघं जाऊन येतात. अहो पाटबंधारे खात्यातून आणि मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही कुठलीही गोष्ट आधी दरपत्रक बघूनच ठरवतो. सांगलीच्या माणसाला थंडीचं एवढं काय कौतुक, असंही वाटलं. २०२४ च्या डिसेंबरात आठवडाभर फिरून आलो. जेनोआत बोटीवर चढायचं, मग रोम, पालेर्मो, माल्टा, बार्सिलोना, मार्से, आणि पुन्हा जेनोआ.

व्हिसाचं एका परिच्छेदात उरकते. इटली, माल्टा, स्पेन आणि फ्रान्स हे चारही देश युरोपातल्या शेंगेन गटात येतात, त्यामुळे एकाच व्हिसात काम होतं. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आमचा इटलीकडे होता. फी माणशी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तुमची बोट मध्येच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानला जाणार असेल तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा मागा, नाहीतर परत येताना पंचाईत.

१० डिसेंबर, मंगळवार : जेनोआ

बोट सुटायच्या एक दिवस आधी पोचायचंच, हा अहोंचा हट्ट. विमान चुकलं तर दुसरं मिळतं, बोट थांबत नाही. मिलानला उतरून रेल्वेने पावणेदोन तासांत जेनोआ. पियात्सा प्रिंचिपे स्टेशनवरून उतारानं खाली गेलं की दहा मिनिटांत बोटीचा धक्का, त्यामुळे स्टेशनजवळचंच हॉटेल घेतलं होतं. सामान टाकलं आणि जुन्या गावात शिरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. पाच वाजता गुडूप अंधार.

एका गल्लीत भट्टीचा उजेड दिसला आणि ओळखीचा वास आला. अगदी खमंग, बेसन भाजल्याचा. पळीवाढ्या बेसनाचं जवळजवळ मीटरभर रुंदीच्या तांब्याच्या परातीत ओतलेलं धिरडं लाकडाच्या भट्टीत भाजत होतं. याचं नाव फारिनाता. बेसन, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ. बस्. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, वर मिरपूड. मी पहिल्या घासाला म्हटलं, "ओवा हवा होता." अहो म्हणाले, "दहा हजार किलोमीटर येऊन तू ओवा शोधतेयस." (एवढं अंतर नाही, पण त्यांना गोल आकडे आवडतात.)

या पदार्थाची एक दंतकथा आहे. १२८४ मध्ये मेलोरियाच्या आरमारी लढाईत पिसाला हरवून जेनोआची गलबतं परतत होती. वादळात बेसनाची पिंपं फुटली, तेलाची फुटली, वरून समुद्राचं पाणी. ते पीठ उन्हात वाळून पोळं झालं आणि खलाशांनी खाल्लं. खरी असो नसो, बोटीवर चढायच्या आदल्या रात्री ऐकायला ही गोष्ट जरा जड जाते.

११ डिसेंबर, बुधवार : बोटीवर

चेक-इनला सामान क्ष-किरण यंत्रातून गेलं आणि माझी बॅग बाजूला काढली. आत काय, तर सकाळच्या चहासाठी घेतलेली छोटी इलेक्ट्रिक किटली. बोटीवर आगीच्या भीतीने किटली, इस्त्री, पाणी तापवायची कॉइल यातलं काही चालत नाही. पावती देऊन किटली ठेवून घेतली, उतरताना परत मिळेल म्हणाले. नियमावलीत लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं. गिरनारचा चहामसाला मात्र सुटला.

खोली निवडताना एक लक्षात ठेवा: हिवाळ्यात बोट हलते. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त हलते, मध्यभागी आणि खाली कमी. आम्ही मधली खोली घेतली, गॅलरीचे पैसे मात्र भरले. त्या गॅलरीत अहो आठवडाभर पहाटे साडेपाचला कानटोपी घालून बसले, त्यामुळे पैसे वसूल म्हणायचे.

बोट सुटली तेव्हा अंधार पडला होता. लांतेर्ना, म्हणजे जेनोआचं १५४३ सालचं दीपगृह, फिरत्या उजेडाचा झोत टाकत मागे गेलं. जेवायला गेलो तर सगळीकडे पांढरी डोकी. तरुण मंडळी उन्हाळ्यात येतात, हिवाळ्यात इटलीतले आजी-आजोबा. आमच्या टेबलाशेजारी तोरिनोचं एक जोडपं होतं, सत्तरी ओलांडलेलं. आजींना इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. पहिल्याच रात्री मोबाइलवर नातवंडांचे फोटो दाखवून झाले, मग भाषेची फारशी गरज उरली नाही.

वाढायला आलेल्या मुलाने माझ्याकडे बघितलं, मंगळसूत्राकडे बघितलं आणि थेट विचारलं, "काकी, तिखट जाय?" मडगावचा निघाला. त्याचे वडीलही तारवटी होते, गोव्यात बोटीवर काम करणाऱ्याला हाच शब्द. नऊ महिन्यांचा करार, त्यातले सहा झाले होते. त्याने आतून चार हिरव्या मिरच्या आणून दिल्या आणि त्यानंतर रोज रात्री माझ्या ताटाशेजारी न मागता एक बशी यायची.

१२ डिसेंबर, गुरुवार : रोम

बोट चिवितावेक्किया बंदराला लागते. रोम तिथून साधारण ७०-८० किलोमीटर. बोटीची सहल महाग पडते, रेल्वेने स्वस्तात होतं. बंदरातून बस, मग स्टेशन, मग तासाभराचा प्रवास. आपल्या जबाबदारीवर जायचं तर परतीचं गणित नीट करा. बोटीच्या सहलीचा उशीर झाला तर बोट थांबते, तुमच्या आमच्यासाठी थांबत नाही.

मार्गशीर्षातला गुरुवार, मला उपास. सकाळी केळी आणि संत्री पर्समध्ये टाकून निघाले. रोमला पोचलो तर जिकडे तिकडे पत्रे ठोकलेले. २०२५ हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष, त्याच्या तयारीचं खोदकाम शेवटच्या टप्प्यात होतं. त्रेवी कारंजंसुद्धा साफसफाईसाठी कोरडं. (त्यात पाठमोरं नाणं टाकलं की पुन्हा रोमला येणं होतं म्हणतात.) पाण्याऐवजी कामगार, आणि नाणी टाकायला पुढ्यात एक तात्पुरतं छोटं टाकं. लोक त्या टाक्याकडे पाठ करून मोठ्या भक्तिभावाने नाणी फेकत होते. आम्हीही फेकलं. टाकं लहान असल्यामुळे अहोंचा नेम चुकला, नाणं उचलून पुन्हा फेकावं लागलं. आता ते धरणार की नाही कोण जाणे.

मग पाऊस आला. मी वैतागले, अहो खुश झाले. "चल, पँथिऑन बघू. पाऊस असतानाच बघायचं असतं ते." पाच युरोंचं तिकीट काढून आत गेलो. जवळपास १९०० वर्षांपूर्वीचा घुमट, ४३ मीटरहून जास्त व्यासाचा, आत लोखंडाची सळई नाही. वर मधोमध भलंमोठं गोल भोक, त्यातून पाऊस सरळ आत. सगळे माना वर करून बघत होते. आमचे अहो मान खाली घालून फरशी बघत होते. फरशीला मध्यापासून बारीक ढाळ दिलाय आणि खाली पाणी जायला बारीक बारीक छिद्रं आहेत, बावीस. त्यांनी ती मोजायचा प्रयत्न केला, पण मधल्या ओल्या भागाला दोरी बांधली होती. "एकोणीसशे वर्षं निचरा होतोय," ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज थोडा कापरा होता. आयुष्यभर कालव्यांच्या गळतीच्या फायली हाताळलेल्या माणसाला ताजमहाल दाखवून असं होणार नाही.

बाहेर कोपऱ्यावर चेस्टनट भाजणारा. आता प्रश्न: चेस्टनट उपासाला चालतं का? अहोंनी निकाल दिला, "शिंगाडा चालतो. हा शिंगाड्याचा चुलतभाऊ." वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे धादांत खोटं आहे, पण हात गारठले होते. कागदाच्या पुडीतले ते गरम चेस्टनट आधी हातात धरायला आणि मग खायला, दोन्ही कामांना आले. चव भाजलेल्या रताळ्यासारखी. किंमत विचारू नका.

परतीला स्टेशनवरच्या फलकावर लाल अक्षरं. दुसऱ्या दिवशी देशभर संप होता आणि रेल्वेचा त्याच रात्रीपासून सुरू होणार होता. आमची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली. त्या पंचवीस मिनिटांत मी लक्ष्मीला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. हिवाळ्यात इटलीला जाणाऱ्यांनी संपासाठी इटालियन शब्द शिकून ठेवावा: शॉपेरो. आदल्या रात्री तो शब्द टाकून बातम्या बघायच्या.

१३ डिसेंबर, शुक्रवार : पालेर्मो

या दिवसाबद्दल मी सगळ्यात कमी वाचलं होतं. बोट गावाच्या कुशीतच लागते, वीस मिनिटं चाललं की भर वस्तीत. ऊन पडलं होतं, स्वेटर काढून कमरेला बांधला. पाव घ्यावा म्हणून बेकरीत गेलो, तर बंद. दुसरी बंद. तिसरी उघडी, पण दारातून रांग रस्त्यावर आणि आत पावाचा तुकडा नाही. सगळे नारंगी रंगाचे, मुठीपेक्षा मोठे तळलेले गोळे घेऊन बाहेर पडतायत. शाळेची मुलं, गणवेशातला पोलीस, दोन नन.

सांता लुचिया या ख्रिस्ती संत बाईंचा दिवस. पालेर्मोत आज पाव आणि पास्ता खायचा नाही. का, ते पुढे बाल्लारोच्या बाजारात एका दुकानदारीणबाईंनी सांगितलं, थोडं इंग्रजीत, बरंचसं हातांनी. १६४६ मध्ये मोठा दुष्काळ पडला होता. १३ डिसेंबरला, लुचियाच्या दिवशी, धान्याने भरलेलं गलबत बंदराला लागलं. लोक इतके भुकेले की गहू दळायला कुणाला धीर नव्हता. नुसता शिजवून खाल्ला. तेव्हापासून या दिवशी पीठ बंद.

"म्हणजे उपास," मी म्हटलं.

बाईंनी मोठ्या गंभीरपणे मान हलवली आणि समोरच्या तळलेल्या गोळ्यांच्या ढिगाकडे हात केला. भाताचे गोळे, आत सारण, वरून पावाचा चुरा लावून खरपूस तळलेले. आरांचीना. पालेर्मोत ती स्त्रीलिंगी, याच सिसिली बेटाच्या पलीकडच्या बाजूच्या कातानियात पुल्लिंगी, आणि यावरून भांडणं होतात. त्याशिवाय पानेल्ले, म्हणजे बेसनाच्या चपट्या वड्या, अजमोद्याची पानं घालून तळलेल्या. एरवी पावात घालून खातात, आज नुसत्या. एकादशी दुप्पट खाशी हे इथेही माहीत आहे.

शाकाहाऱ्यांनी हे वाक्य लिहून घ्या: 'अल बुर्रो' म्हणजे लोण्याची आरांचीना घेऊ नका. बुर्रो म्हणजे लोणी एवढं मला यूट्यूबवरून समजलं होतं, म्हणून ऐटीत तीच मागितली. तोडली तर आत चीजबरोबर गुलाबी तुकडे. हॅम. मार्गशीर्षात! ती अहोंच्या हवाली केली, त्यांची तक्रार नव्हती. पालकाची मिळते, 'स्पिनाची' म्हणायचं.

मग बाईंनी काचेच्या वाटीत काहीतरी पांढरं काढून दिलं. पहिला चमचा घेतला आणि मी थांबले. शिजलेला अख्खा गहू. दाताखाली तो तसाच फुटतो, बाहेरून जरा चिवट आणि आत मऊ. आमच्याकडे खपली गव्हाची खीर करतात, हुग्गी म्हणतात तिला कृष्णेच्या खालच्या अंगाला. माझी आई आदल्या दिवशी खपली ओली करून उखळात हलक्या हाताने सडायची, सूप घेऊन कोंडा उडवायची आणि चुलीवर रात्रभर मंद ठेवायची. गूळ, खोबरं, खसखस, जायफळ. इथे गुळाच्या जागी साखर आणि रिकोत्ता, ओलसर, दाणेदार, खव्याच्या नात्यातला. वरून चॉकलेटचा कीस आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल. नाव कुच्चीया.

मी विचारलं, गहू किती भिजवता? त्यांनी तीन बोटं दाखवली. तीन दिवस, रोज पाणी बदलून. मी उखळात कांडायची खूण करून दाखवली. त्यांना वाटलं मी कुणाला तरी मारायचं म्हणतेय. अहोंनी मग कागदावर उखळ-मुसळाची चित्रं काढली, कामगार, बाण, सगळं प्रमाणात. बाईंनी तो कागद गल्ल्याच्या मागे भिंतीला चिकटवला. वाटीचे पैसे घेतले नाहीत, पानेल्ल्यांचे घेतले.

दुपारी नॉर्मन राजवाड्यातलं कापेल्ला पालातिना बघितलं. बाराव्या शतकात रॉजर दुसरा या ख्रिस्ती राजाने बांधलेलं प्रार्थनाघर, भिंतींवर सोन्याचं मोझेइक आणि वर लाकडाचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं छत, अरब कारागिरांनी रंगवलेलं. सुंदरच आहे. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष गव्हातच होतं.

१४ डिसेंबर, शनिवार : माल्टा, दत्तजयंती

पहाटे साडेसहाला अहोंनी गदगदा हलवून उठवलं. व्हालेट्टाच्या ग्रँड हार्बरमध्ये बोट शिरताना झोपून राहणं म्हणजे गुन्हा आहे, हे मी आता शपथेवर सांगते. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाचे तट, आणि त्यामधून आपली अकरा मजली चाळ हळूच आत सरकते. १५६५ मध्ये तुर्कांचा वेढा मोडून काढल्यावर दुसऱ्या वर्षी हे गाव वसवायला घेतलं, ज्याने बेट लढवलं त्या ला व्हालेटचंच नाव दिलं.

धक्क्यावरून थोडं चालून गेलं की उंच लिफ्ट आहे, ती थेट अपर बाराक्काच्या बागेत सोडते. ५८ मीटर चढ वाचतो, गुडघेवाल्यांनी पैसे वाचवू नयेत. बरोबर बारा वाजता बागेखालच्या बुरुजावरून तोफ उडते. माहीत असूनही मी दचकले आणि हातातली पास्तित्सी खाली पडली. पास्तित्सी म्हणजे पापुद्र्यांची करंजी, आत रिकोत्ता किंवा वाटाणा. वाटाण्याची थेट आपल्या बेकरीतल्या पॅटिससारखी लागते आणि युरोभरातच येते. पडली म्हणून दुसरी घेतली, दुःख नाही.

माल्टी भाषा अरबीच्या कुळातली, लिहितात रोमन लिपीत. दुकानांच्या पाट्या वाचायचा मला नाद लागला. पुस्तकाला 'क्तीब', आपलं किताब. जगाला 'दिन्या', आपली दुनिया. एका पुस्तकवाल्याला हे सांगितलं तर त्याने मला आणखी शब्द विचारायला सुरुवात केली, मागे गिऱ्हाईक ताटकळत. सेंट जॉन्सच्या कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्जोचं १६०८ सालचं योहानाच्या शिरच्छेदाचं चित्र आहे. सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने सही केलीय. त्यापुढे अहो बराच वेळ उभे होते, काही बोलले नाहीत.

संध्याकाळी बोट सुटली. दत्तजयंतीला आम्ही दरवर्षी नृसिंहवाडीला असतो. नदीच्या पायऱ्या, पालखी, बासुंदी, येताना कवठाची बर्फी. साडेचार तासांचा फरक, तिकडे जन्मकाळ केव्हाच होऊन गेला होता. वरच्या डेकवर वारा होता, माणसं नव्हती. पूर्वेला जवळजवळ पूर्ण चंद्र आणि त्याच्या अगदी शेजारी एक ठळक चांदणी. अहो म्हणाले, "तो गुरू आहे." मला वाटलं गंमत करतायत. मोबाइलवर बघून खात्री केली, खरंच गुरू होता. पर्समध्ये पालेर्मोच्या बाजारातले सुके अंजीर होते. दोन कठड्यावर ठेवले, हात जोडले, आणि वाऱ्याने उडायच्या आत खाऊन टाकले.

१५ डिसेंबर, रविवार : नुसतं पाणी

दिवसभर बोट चालत राहते. पहाटेपासून लाटा. तरणतलावावर जाळी घातलेली, पण त्यातलं पाणी आपणहून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात होतं. लिफ्टशेजारी कागदी पिशव्या टांगल्या की समजायचं, आज रंग आहे. मडगावकराने हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं आणून दिली, बोटीवरचा हा पारंपरिक उतारा. मी सांगलीहून आलेपाक नेला होता. तोरिनोच्या आजींचा चेहरा पांढराफटक पडला होता, त्यांनाही दोन वड्या दिल्या. तासाभराने आजोबा खास उठून आले आणि उरलेला पुडा बोटाने दाखवून भुवया उडवल्या. दिला. गोळ्या घ्यायच्या असतील तर मळमळायच्या आधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नसतो.

मोबाइलबद्दल इथेच सांगते. समुद्रात फोन बोटीच्या उपग्रहाच्या नेटवर्कला आपोआप चिकटतो आणि दर भयानक असतात. बोटीवर पाय ठेवताच फ्लाइट मोड, बंदरात उतरल्यावर काढायचा. सेवाशुल्कही माणशी रोज वेगळं लागतं, शेवटी बिलात दिसतं. तिकिटाच्या किमतीत ते धरूनच हिशेब करा.

दुपारी समुद्र निवला. मोठ्या दालनात टँगोची शिकवणी होती. मी बघायला बसले, अहो कंटाळून बसले. शिकवणाऱ्या बाई खुर्च्यांमधून हिंडत माणसं उचलत होत्या, त्यांनी ह्यांना उचललं. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस वरातीतसुद्धा नाचलेला नाही. पहिली दोन मिनिटं लाकूड. मग बघते तर पाय बरोबर पडायला लागले. ओठ हलत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं: "एक, दोन, तीन, बैठक." शाळेत लेझीमच्या पथकात होते ना! टँगोत बैठक नसते, पण ह्यांनी घेतली, आणि आजोबांनी ती बघून आपली आपण घेतली. गुडघ्यांमुळे उठताना एकमेकांना हात द्यावा लागला.

१६ डिसेंबर, सोमवार : बार्सिलोना

सग्रादा फामिलिया या चर्चची तिकिटं घरूनच काढलेली होती, आयत्या वेळी मिळायची आशा धरू नका. १८८२ पासून बांधकाम चालू आहे. अहोंना त्यात गैर वाटलं नाही. हिवाळ्यातली दुपारची वेळ घ्या: सूर्य खाली असतो आणि पश्चिमेच्या काचांतून लाल-केशरी ऊन खांबांवर चढत जातं. आम्ही तासभर खांबाला टेकून बसलो.

मग जुन्या कॅथीड्रलसमोर नाताळचा बाजार. नाव वाचलं तर फिरा दे सांता ल्युसिया. पुन्हा आपल्या लुचियाबाई! १७८६ पासून तिच्या नावाने भरतो. पाळण्यातला येशू, मेंढपाळ, गाढव, सगळी मातीची चित्रं मांडलेली. आणि मध्येच लाल टोपी घातलेला एक शेतकरी, धोतर, म्हणजे विजार खाली करून बसलेला. हो, त्याच कामाला बसलेला. काटालोनियात प्रत्येक देखाव्यात कोपऱ्यात हा लागतोच, जमिनीला खत मिळतं म्हणून शुभ. काम सोडून हसणाऱ्या परदेशी लोकांची विक्रेत्याला सवय असावी. धाकट्या दिरांसाठी एक घेतला. धाकट्या जाऊबाईंनी अजून तो शोकेसमध्ये ठेवू दिलेला नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार : मार्से

मिस्त्राल या वाऱ्याचं नाव भूगोलात पाठ केलं होतं. तो काय असतो ते जुन्या बंदरावर बसची वाट बघताना कळलं. आभाळ स्वच्छ निळं, ऊन लखलखीत आणि वारा असा की छत्री म्हणजे शस्त्र. इथे छत्री नको, कान झाकणारी टोपी हवी. ६० नंबरची बस टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द या चर्चला नेते. शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेली मेरी, गावाची 'चांगली आई'. आत बघितलं तर छतापासून छोटी छोटी गलबतं दोऱ्यांनी टांगलेली. वादळातून वाचलेल्या खलाशांनी फेडलेले नवस. रविवारच्या लाटांनंतर ती गलबतं मी जरा आदरानेच बघितली.

खाली बंदराजवळ सांतोंची जत्रा, १८०३ पासूनची. सांतों म्हणजे बोटभर उंचीची मातीची चित्रं: कोळीण, पाववाला, धार लावणारा, लाकडाची मोळी घेतलेली म्हातारी. देवापुढे सगळं गाव मांडायचं. आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत गवळण आणि वाणी उभे असतात, तसंच. किल्ल्यावर आळीव पेरायचं असतं हे मी अहोंना सांगतच होते, तेवढ्यात त्यांनी दंडाला धरून दुकानाच्या फळीकडे वळवलं.

तीन बशा. कापसावर उगवलेला गहू, वीतभर, हिरवागार, सरळ. मधल्या बशीला लाल रिबीन बांधलेली.

दुकानदार आजोबांनी सांगितलं, ४ डिसेंबरला, सेंट बार्बच्या दिवशी, पेरायचा. नाताळच्या ताटापर्यंत वाढवायचा. सरळ आणि हिरवा आला तर वर्ष चांगलं. मी मोबाइलमध्ये शोधून आमच्या देव्हाऱ्यातल्या घटाचा फोटो दाखवला, पत्रावळीवर माती, मध्ये कलश, भोवती पिवळसर कोंब. त्यांनी चष्मा वर करून बघितला. पिवळा का, असं विचारलं. अंधारात ठेवतो म्हणून, असं सांगितलं. दसऱ्याला आमच्याकडे पुरुष हे कोंब टोपीत खोवतात, हे अहोंनी स्वतःच्या कानटोपीवर करून दाखवलं. आजोबांनी बशीतली दोन पाती नखाने खुडली आणि ह्यांच्या टोपीत खोवून दिली. बस सुरू व्हायच्या आत मिस्त्रालने ती नेली.

१८ डिसेंबर, बुधवार : जेनोआ

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीतून नेतात आणि धक्क्यावर देतात. सकाळी अंगावर घालायचे कपडे आधी बाजूला काढून ठेवा. हे मी ह्यांना सांगितलं होतं. ह्यांचं म्हणणं, सांगितलं नव्हतं. सहा वाजता उठलो तेव्हा ह्यांच्या सगळ्या पँटी बॅगेतून खाली गेल्या होत्या आणि अंगावर निळ्या पट्ट्यांचा पायजमा. त्यावर कोट, मफलर, बूट घालून त्यांनी न्याहारी केली. मडगावकराने चेहरा सरळ ठेवला, फक्त निरोप घेताना म्हणाला, "काका, स्टायल बरी आसा."

धक्क्यावर आमच्या रंगाच्या बॅगा यायला उशीर होता. किटली मात्र पावती दाखवल्यावर लगेच मिळाली. मिलानची गाडी दुपारी, बॅगा ताब्यात आल्यावर स्टेशनवर ठेवल्या, पण पँट काढायला बॅग उघडायची तर सगळ्यांदेखत उघडावी लागली असती. अहोंनी मान झटकली आणि सरळ त्या गल्लीकडे चालायला लागले. भट्टी पेटलेली होती. पट्ट्यांचा पायजमा, काखेत किटली, हातात बेसनाच्या धिरड्याचा गरम तुकडा. भट्टीवाल्याने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मिरपुडीची डबी पुढे सरकवली. मी पर्समधून ओव्याची पुडी काढली.